क्षाराचे बल कशाने मोजावे?

काही वर्षांपूर्वी भगंदराचा एक रुग्ण क्षारसूत्र चिकित्सेसाठी आमच्याकडे येत असे. शेतमजुरी करणारा, पन्नाशीचा गृहस्थ. दर आठवड्यास सूत्र बदलण्यासाठी त्यास दोन एस.टी. बदलून यावे लागे आणि त्या दिवसाची मजुरी बुडे ती वेगळीच. पहिले चार आठवडे मार्गाचे छेदन अपेक्षेप्रमाणे, म्हणजे आठवड्यास साधारण एक सेंटिमीटर या गतीने होत राहिले. पाचव्या आठवड्यापासून मात्र ते जवळजवळ थांबले. आम्ही सूत्राचा ताण पाहिला, पथ्यापथ्याची चौकशी केली, रक्तशर्करा तपासली, कारण सापडेना. तीन आठवडे असेच गेल्यावर लक्षात आले, की मधल्या काळात आमच्याकडील अपामार्गक्षार संपला होता आणि नवी सूत्रे दुसऱ्या विक्रेत्याकडून आणलेल्या क्षाराने तयार झाली होती.

दोन्ही क्षार दिसण्यास पांढरे, चवीस तीक्ष्ण, पाण्यात सहज विरघळणारे. सामू मोजण्याच्या कागदी पट्टीवर दोन्हींच्या एक टक्का द्रावणाचा रंग सारखाच उमटला. अखेर एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणाऱ्या स्नेह्यांकडे आम्ही दोन्ही नमुने नेले. त्यांनी प्रत्येकी एक ग्रॅम क्षार १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातील १० मिलिलिटर द्रावण शंकुपात्रात घेतले, मेथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकले आणि ब्युरेटमधून हायड्रोक्लोरिक अम्लाचे दशांश नॉर्मल द्रावण सोडले. रंग पालटण्यास जुन्या क्षारास १०.९ मिलिलिटर अम्ल लागले, नव्यास ५.८ मिलिलिटर. म्हणजे नव्या क्षाराचे बल जुन्याच्या निम्म्याहून थोडेसेच अधिक होते. अर्ध्या तासाचे काम, पण ते आम्ही तीन आठवड्यांपूर्वी केले नव्हते. विक्रेत्यास दोष देण्याआधी हा दोष आम्ही आमच्या पदरी घेतला पाहिजे.

एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. सूत्राचा ताण, स्नुहीक्षीराचा ताजेपणा, लेपांची जाडी, रुग्णाची प्रकृती हे सर्व छेदनाच्या गतीवर परिणाम करते. तथापि त्या प्रसंगाने एक प्रश्न आमच्यापुढे उभा केला. स्नुहीक्षीराचे अकरा, स्नुहीक्षीर व क्षाराचे सात आणि स्नुहीक्षीर व हरिद्रेचे तीन असे एकवीस लेप आपण काटेकोरपणे मोजतो. मग त्या सात लेपांत क्षाराचे बल किती गेले, हे मोजल्यावाचून आपण कसे राहतो?

आमच्या मते या उपेक्षेचे एक कारण भाषेत आहे. शालेय पाठ्यपुस्तकात आपण शिकतो, की अम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगाने क्षार व पाणी तयार होते. तेथे ‘क्षार’ म्हणजे लवण. आणि आपल्या संहितांतील क्षार ज्या वर्गात बसतो, त्यास तेथे ‘आम्लारी’ म्हणतात. आयुर्वेद महाविद्यालयात आलेला विद्यार्थी हे दोन अर्थ मनात एकत्र घेऊन येतो आणि पुढे रसायनशास्त्राचे ते प्रकरण आपल्या कामाचे नाही असे समजून सोडून देतो. वस्तुतः ते प्रकरण आपल्या क्षारकल्पनेचेच आहे.

त्याचा उगमही वनस्पतींच्या राखेत आहे. अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये तागाच्या कापडाची धुलाई करणारे कारागीर राखेपासून काढलेला क्षार विकत घेत. भेसळ फार होई आणि एका पिंपातील क्षार दुसऱ्यासारखा नसे. एडिंबरो येथील वैद्यकशास्त्रज्ञ फ्रान्सिस होम यांनी १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या विरंजनावरील ग्रंथात यावर उपाय सांगितला : ठराविक वजनाच्या क्षारावर सौम्य केलेले नायट्रिक अम्ल चमच्याचमच्याने टाकावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत किती चमचे लागले ते मोजावे. चमचे जितके अधिक, तितका क्षार चांगला. पुढे १७९२ पासून जर्मन रसायनज्ञ येरेमियास रिश्टर यांनी कोणत्या अम्लाच्या किती वजनास कोणत्या आम्लारीचे किती वजन पुरते याची कोष्टके मांडली. आणि १८१४ साली विल्यम वुलस्टन यांनी, जे स्वतः वैद्यकाचे पदवीधर होते, अशा सममूल्य वजनांची सरकपट्टीच प्रसिद्ध केली.

या सर्वांच्या मुळाशी असलेली कल्पना साधी आहे. अम्ल आणि आम्लारी वजनास वजन असे एकमेकांस शमवीत नाहीत. प्रत्येकाचे स्वतःचे एक सममूल्य वजन असते. हायड्रोक्लोरिक अम्लाचे ३६.५ ग्रॅम शमविण्यास सोडियम हायड्रॉक्साइड ४० ग्रॅम लागते, पोटॅशियम हायड्रॉक्साइड ५६.१ ग्रॅम, सोडियम कार्बोनेट ५३ ग्रॅम, पोटॅशियम कार्बोनेट ६९.१ ग्रॅम आणि कॅल्शियम कार्बोनेट ५० ग्रॅम. ही सर्व वजने परस्परांची सममूल्ये होत. कार्बोनेटचा रेणू अम्लाचे दोन हायड्रोजन आयन स्वीकारतो म्हणून त्याच्या रेणुभाराचा अर्धा भाग घ्यावयाचा, हायड्रॉक्साइडचा एकच स्वीकारतो म्हणून तेथे पूर्ण घ्यावयाचा. एका सममूल्याचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिसममूल्य. एक लिटर द्रावणात पदार्थाचे एक सममूल्य असेल तर ते द्रावण एक नॉर्मल. दहावा भाग असेल तर दशांश नॉर्मल.

टक्केवारी आणि नॉर्मॅलिटी यांतील भेद येथे स्पष्ट होतो. सोडियम हायड्रॉक्साइडचे एक टक्का द्रावण ०.२५ नॉर्मल असते, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे ०.१७८ आणि पोटॅशियम कार्बोनेटचे ०.१४५. टक्केवारी एक, बल तीन प्रकारचे. याउलट समान नॉर्मॅलिटीची दोन द्रावणे, एक अम्लाचे व एक आम्लारीचे, आकारमानास आकारमान अशी एकमेकांस शमवितात. म्हणूनच एका द्रावणाची नॉर्मॅलिटी व त्याचे आकारमान यांचा गुणाकार दुसऱ्याच्या तशाच गुणाकाराइतका, हे एकच सूत्र लक्षात ठेवले तरी आपले काम भागते. आमच्या जुन्या क्षाराचे १० मिलिलिटर द्रावण, म्हणजे ०.१ ग्रॅम क्षार. त्यास दशांश नॉर्मल अम्ल १०.९ मिलिलिटर, म्हणजे १.०९ मिलिसममूल्य लागले. एका ग्रॅमला १०.९ मिलिसममूल्य. पोटॅशियम कार्बोनेटच्या भाषेत सांगावयाचे तर सुमारे ७५ टक्के. नव्या क्षारात हेच प्रमाण ४० टक्के निघाले. उरलेला भाग बहुतांशी पोटॅशियमचे क्लोराइड व सल्फेट यांसारख्या लवणांचा असणार; ती वजन वाढवितात, पण अम्ल शमवीत नाहीत आणि मांसही छेदीत नाहीत.

आता प्रश्न येतो सामूचा. अनेक वैद्यमित्र म्हणतात, की आम्ही क्षाराचा सामू पाहतोच, तेवढे पुरेसे आहे. सोरेन्सन यांनी १९०९ साली मांडलेले हे मान उपयुक्त आहे, यात वाद नाही. परंतु ते सांगते त्या क्षणी द्रावणात किती तीव्रता प्रकट आहे. एकूण साठा किती आहे हे ते सांगत नाही. आमच्या दोन नमुन्यांतील कार्बोनेटचे प्रमाण धरून गणित केले, तर त्यांच्या एक टक्का द्रावणांच्या सामूत केवळ सुमारे ०.१४ इतकाच फरक येतो. बल जवळजवळ दुप्पट आणि सामूतील फरक कागदी पट्टीवर दिसणारही नाही एवढा. उलट बाजूनेही पाहावे. सोडियम हायड्रॉक्साइडच्या दशांश नॉर्मल द्रावणाचा सामू १३ असतो, सोडियम कार्बोनेटच्या तितक्याच नॉर्मल द्रावणाचा सुमारे ११.५. दोन्हींना शमविण्यास अम्ल अगदी सारखेच लागेल; पण प्रकट तीव्रतेत सुमारे तीसपटीचे अंतर आहे. एक त्वचेवर पडले तर जाळील, दुसरे तितके जाळणार नाही. म्हणून तीव्रता आणि साठा ही दोन निरनिराळी माने आहेत आणि वैद्यास दोन्ही हवीत. हळद लाल झाली म्हणजे क्षार आहे एवढे कळते. चुन्याने हळदीचे कुंकू करणाऱ्या आपल्या घरांतील स्त्रियांना हे ठाऊक होतेच. किती आहे, हे हळद सांगत नाही.

सुश्रुताचार्यांच्या क्षारपाकविधीकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यातील प्रत्येक पायरीस अर्थ येतो. भस्म सहापट पाण्यात वा मूत्रात कालवून एकवीस वेळा गाळून घ्यावे आणि मंद अग्नीवर पचवावे. काहीही प्रक्षेप न करता पचविलेला तो मृदू क्षार. शंखनाभी व चुनखडीच्या जातीची द्रव्ये अग्निवर्ण तापवून त्यात मिसळली म्हणजे मध्यम क्षार. रसायनशास्त्राच्या भाषेत पहिल्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असते. दुसऱ्यात कळीच्या चुन्यामुळे त्याचे दाहक पोटॅशियम हायड्रॉक्साइड बनते आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते. सममूल्यास सममूल्य असा हा व्यवहार आहे : ६९.१ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेटला २८ ग्रॅम कळीचा चुना. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या विधीचे महत्त्व जगापुढे ठेवले. तयार क्षार लोखंडी कुंभात तोंड बंद करून ठेवावा, असेही सुश्रुताचार्य सांगतात. लोखंडास क्षार खात नाही आणि बंद तोंडामुळे हवेतील कार्बन डायऑक्साइड आत जात नाही. तो गेला तर हायड्रॉक्साइडचे पुन्हा कार्बोनेट होते.

येथे एक बारकावा आहे. हवा लागून मध्यम क्षार मृदू झाला, तरी मेथिल ऑरेंजने मोजलेला त्याचा एकूण साठा तेवढाच राहतो, कारण हायड्रॉक्साइडचे एक सममूल्य जाऊन कार्बोनेटचे एक सममूल्य येते. हा बदल पकडण्यासाठी दोन दर्शकांचे अनुमापन करावे लागते. प्रथम फिनॉल्फ्थॅलीन टाकून गुलाबी रंग जाईपर्यंत किती अम्ल लागले ते पाहावे. मग त्याच पात्रात मेथिल ऑरेंज टाकून रंग पालटेपर्यंत एकूण किती लागले ते पाहावे. पहिल्या टप्प्यात हायड्रॉक्साइड पूर्ण शमते आणि कार्बोनेट अर्धेच. दुसऱ्या टप्प्यात कार्बोनेटचा उरलेला अर्धा भाग. म्हणून पहिले मोजमाप दुप्पट करून त्यातून एकूण वजा केले, की हायड्रॉक्साइडचा वाटा मिळतो. एकूण १० आणि पहिले ५ आले, तर हायड्रॉक्साइड शून्य : तो मृदू क्षार. एकूण १० आणि पहिले ८ आले, तर हायड्रॉक्साइड ६, कार्बोनेट ४ : तो मध्यम क्षार. तोच कुंभ सहा महिन्यांनी पुन्हा तपासला आणि पहिले मोजमाप ६ वर आले, तर हायड्रॉक्साइड २ उरले. क्षाराचे बल क्षीण झाल्यास त्यात क्षारोदक घालून ते पुन्हा आणावे, असे सुश्रुताचार्यांनीच सांगितले आहे. बल किती क्षीण झाले हे ओळखण्याचे साधन आज आपल्या हाती आहे. ते न वापरणे म्हणजे आचार्यांच्या आज्ञेचा उत्तरार्ध सोडून देणे होय.

प्रतिसारणानंतर क्षार अम्लाने शमवावा, हीदेखील त्यांचीच शिकवण. आज अनेकजण लिंबाचा रस वापरतात. त्यात सायट्रिक अम्ल साधारणतः ५ ते ६ टक्के असते, म्हणजे तो सुमारे ०.८ नॉर्मल. ज्या क्षाराच्या एका ग्रॅममध्ये १० मिलिसममूल्य आहेत, त्यास सुमारे १२ ते १३ मिलिलिटर रस पुरेल. तेच शुद्ध पोटॅशियम हायड्रॉक्साइड असेल, तर एका ग्रॅमला १७.८ मिलिसममूल्य, म्हणजे २२ मिलिलिटरहून अधिक रस लागेल. क्षाराचे बल ठाऊक नसता ‘थोडासा रस’ टाकून आपण निश्चिंत होतो, तेव्हा शिल्लक क्षार गुदाच्या मृदू त्वचेवर आपले काम चालूच ठेवतो. अशी दाहाची तक्रार घेऊन आलेले रुग्ण आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील.

आभ्यंतर प्रयोगातही हाच विचार लागू आहे. शंखभस्म घ्या. पुटाचा अग्नी कमी पडला, तर ते बव्हंशी कॅल्शियम कार्बोनेटच राहते; एका ग्रॅमला २० मिलिसममूल्य. अग्नी पुरेसा लागला, तर त्याचा चुना होतो. एका ग्रॅमला जवळजवळ ३६. म्हणजे २५० मिलिग्रॅमच्या मात्रेत एका भस्मातून ५ आणि दुसऱ्यातून सुमारे ९ मिलिसममूल्य जातात. शिवाय दुसरे जिभेस चरचरते ते वेगळेच. भस्म पाण्यात नीट विरघळत नसल्याने येथे उलट अनुमापन करावे. पाव ग्रॅम भस्म एक नॉर्मल अम्लाच्या १० मिलिलिटरमध्ये विरघळवावे आणि उरलेले अम्ल आम्लारीच्या ज्ञात द्रावणाने मोजावे. अम्लपित्त म्हणजे केवळ जठरातील अम्लाधिक्य, असे आमचे म्हणणे नाही. परंतु एकाच नावाच्या दोन डब्यांत असे अंतर असेल, तर ‘गुण आला’ वा ‘आला नाही’ या आपल्या अनुभवाचा आधार काय?

या विचारावर दोन आक्षेप येतात. पहिला आधुनिकांचा : सममूल्य व नॉर्मॅलिटी ही माने आता मागे पडली असून रेणुता वापरावी. यात तथ्य आहे. एकाच कार्बोनेटचे सममूल्य फिनॉल्फ्थॅलीनपर्यंत मोजले तर एक आणि मेथिल ऑरेंजपर्यंत मोजले तर दुसरे येते, म्हणून नुसते ‘नॉर्मल’ म्हणणे संदिग्ध ठरू शकते. त्यावर उपाय म्हणजे कोणत्या दर्शकापर्यंत मोजले, हे प्रत्येक नोंदीत लिहिणे. निरनिराळ्या राखांतून आलेल्या मिश्रणाचा नेमका रेणू कोणता, हेच जेथे सांगता येत नाही, तेथे त्याची अम्ल शमविण्याची एकूण शक्ती सांगणारे मान अधिक प्रामाणिक आहे.

दुसरा आक्षेप आपल्यातीलच आहे : क्षाराचे गुण ब्युरेटमध्ये मावत नाहीत. हेही खरे. तीक्ष्ण क्षारात दंती, चित्रक, लांगली यांसारखी द्रव्ये पडतात, त्यांचे कर्म अनुमापनाने कळणार नाही. पण मानावाचून द्रव्याची योजना होत नाही, ही भूमिका शार्ङ्गधराने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच घेतली आणि मागध व कालिंग अशी दोन्ही माने सांगितली. उत्तम क्षार अतितीक्ष्ण नसावा आणि अतिमृदूही नसावा, असे लक्षण जे शास्त्र सांगते, त्यास मोजमापाचे वावडे कसे असेल?

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, क्षार विकत घेताना विक्रेत्याकडे प्रति ग्रॅम मिलिसममूल्य आणि त्यातील हायड्रॉक्साइडचा वाटा यांची नोंद मागावी; ती मागणारे वाढले, की देणारेही वाढतील. दुसरी, संघटनेच्या प्रत्येक जिल्हा शाखेने जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाशी बोलून सभासदांचे नमुने तपासण्याची सोय करावी. यास महागडे यंत्र लागत नाही : ब्युरेट, पिपेट, दोन दर्शक, एक चांगला तराजू आणि वाळविलेले शुद्ध सोडियम कार्बोनेट, ज्याचे ५.३ ग्रॅम एक लिटर पाण्यात घेतले असता दशांश नॉर्मल द्रावण होते व अम्लाची नॉर्मॅलिटी त्याने पडताळता येते. तिसरी, क्षारसूत्राच्या प्रत्येक घाण्यास क्रमांक द्यावा व रुग्णपत्रात छेदनाच्या गतीबरोबर तो क्रमांक आणि त्या क्षाराचे बल लिहावे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या बहुकेंद्री चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा क्षारसूत्रास देशभर मान्यता मिळाली. ती मान्यता टिकवावयाची, तर एका गावचे सूत्र दुसऱ्या गावच्या सूत्रासारखे आहे हे आपणास दाखविता आले पाहिजे.

तो शेतमजूर पुढे बरा झाला. जुन्या बलाच्या क्षाराने नवीन सूत्रे केल्यावर छेदन पूर्ववत सुरू झाले. वाया गेलेल्या तीन आठवड्यांबद्दल त्याने आम्हांस एका शब्दाने विचारले नाही. त्या तीन फेऱ्यांचे भाडे आणि तीन दिवसांची मजुरी त्याने निमूटपणे सोसली. असे पुन्हा घडू नये, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच. ज्या सभासदांनी आपल्या क्षाराचे अनुमापन केले असेल वा या अंकानंतर करतील, त्यांनी आपली मोजमापे, वापरलेला दर्शक व क्षार करण्याची पद्धत यांसह संपादक मंडळाकडे अवश्य पाठवावीत.